साखळी आपण घातली, आता ताटाचा हिशोबही आपला

आज द्राक्षाचं नाही, कुत्र्याचं लिहितोय. छाटणी, डिपिंग, औषधांचे प्रश्न पुढच्या वेळी घेऊ.

मागच्या आठवड्यात सांगलीला औषधं आणायला गेलो होतो. शेजारच्या दुकानात आपल्याच गावचा एक पोरगा भेटला. हातात दहा किलोची पिशवी, वर भल्यामोठ्या कुत्र्याचा पळतानाचा फोटो. 'मोठ्या जातीच्या चपळ कुत्र्यासाठी' असं छापलेलं, खाली बारीक अक्षरात 'ॲडल्ट'. घरी कुत्रं कुठलं, विचारलं. म्हणला, "कारवान आणलंय जतकडनं, तीन महिन्यांचं." म्हशीच्या गोळी पेंडीच्या पोत्यापेक्षा ती पिशवी महाग होती, आणि पिल्लाच्या कामाची नव्हती.

तिथंच आमच्या वयाचे एक पाव्हणे उभे होते. ते हसून म्हणाले, "कशाला पैसं घालवतोस? आमची कुत्री भाकरीवर वाढली. काय झालं त्यांना?"

माझं म्हणणं असं, की दोघंही चुकले. एकानं फोटो बघून घेतलं, दुसऱ्यानं आठवणीवर सोडलं. हिशोब कुणीच केला नाही. आपण शेतकरी माणसं. वेलीला देठ परीक्षण केल्याशिवाय खत सोडत नाही. म्हशीला दूध किती, त्यावर पेंड किती, हे तोंडपाठ असतं. आणि रात्रभर वस्ती राखणाऱ्या कुत्र्याला काय? ताटात उरलं ते.

हे मी दुसऱ्याला शहाणपण शिकवायला सांगत नाही. माझ्या हातनं एक कुत्रं बिघडलंय, म्हणून सांगतोय.

शेरूची गोष्ट

दहा-बारा वर्षांमागं मी शेरूला आणला. चांगल्या जोडीचं कारवान पिल्लू, लांब तोंड, कमरेला बारीक. आमच्या घरात आबा माळकरी, त्यामुळं अंडं-मटण चुलीवर चढत नाही. दूध डेअरीला जायचं. शेरूला भाकरी, त्यावर आमटीचं पाणी, आणि रविवारी शेजाऱ्याकडनं आलेला रस्सा. पोट गच्च भरायचं. मला वाटायचं, मस्त चाललंय.

चार महिन्यांचा झाला आणि पुढचे पाय वाकडे पडायला लागले. पंजे बाहेर वळले. कुणीतरी म्हणलं, कॅल्शियम कमी पडतंय. मी बाटली आणली आणि लवकर गुण यावा म्हणून सांगितल्याच्या दुप्पट घातली. ऊन लागावं म्हणून दिवसभर अंगणात बांधला.

शेवटी डॉक्टरांकडं नेला तेव्हा त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. त्या आजही माझ्या वहीत आहेत.

पहिली: ज्वारी-बाजरीत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडं. नुसत्या मटणाचंही तेच. वाढत्या पिल्लाला कॅल्शियम मिळालं नाही तर शरीर ते हाडातनं काढून घेतं. हाड मऊ पडतं.

दुसरी: पिल्लाचं आतडं पहिल्या काही महिन्यांत जादा कॅल्शियम अडवू शकत नाही. जेवढं घालाल त्यातलं बरंचसं आत जातं. म्हणून मोठ्या जातीच्या पिल्लाला वरनं बाटली ओतली तर हाडांची वाढ दुसऱ्याच बाजूनं बिघडते. म्हणजे मी आधी उपाशी ठेवला आणि मग बुडवला.

तिसरी: माणसाला उन्हातनं ड जीवनसत्त्व मिळतं, कुत्र्याला तसं पुरेसं मिळत नाही. त्याला ते खाण्यातनंच लागतं. अंड्याचा बलक, काळीज, मासा. अंगणात बांधून पोरगं काळं पडेल, कुत्र्याचं हाड घट्ट होणार नाही.

नेमकं कशानं बिघडलं, आधीच्या कमीनं का नंतरच्या जादानं, हे डॉक्टरांनीही ठामपणे सांगितलं नाही. पाय थोडे सुधारले, सरळ काही झाले नाहीत. शेरू आठ वर्षं जगला. राखण चोख केली. पण पळाला नाही. पळण्यासाठीच जी जात आहे, त्या जातीचं कुत्रं बांधावर उभं राहून दुसऱ्या कुत्र्यांकडं बघत बसायचं. ते बघणं मला अजून टोचतं.

"आमची कुत्री भाकरीवर वाढली"

आता त्या पाव्हण्यांच्या म्हणण्याकडं येतो, कारण ते अर्धं खरं आहे.

भाकरी कुत्र्याची वैरी नाही. २०१३ मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी कुत्रा आणि लांडगा यांची जनुकं ताडून पाहिली. पिठूळ खाणं पचवणारा रस बनवणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त निघाल्या. माणसाच्या खळ्यावर, चुलीपाशी राहून कुत्रं आपलं धान्य पचवायला शिकलं. त्यामुळं 'कुत्रा म्हणजे लांडगा, त्याला धान्य बंद करा' असं मोबाईलवर कुणी सांगत असेल तर सोडून द्या.

पण जुनी कुत्री भाकरीवर वाढली, हे काही खरं नाही. भाकरी आपण घालत होतो. बाकीचं ते स्वतः मिळवत होतं. ससा धरायचं, उंदीर-घुशी मारायचं, मेलेल्या जनावराला तोंड लावायचं, म्हैस व्याली की वार ओढून न्यायचं, मेंढी कापली की आतडं-वजडी खायचं. त्याच्या ताटातलं मांस आपल्या डोळ्यांना दिसत नव्हतं, एवढंच.

आता काय झालंय? सशाची शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, आणि ती बंद झाली हे बरंच झालं. बिबट्याची भीती आहे, रस्त्यावर गाड्या आहेत, शेजाऱ्याच्या कोंबड्या आहेत. म्हणून आपण कुत्र्याला साखळी घातली. साखळी घातली त्या दिवसापासनं त्याचं मिळवायचं बंद झालं आणि आपलं घालायचं मात्र तेवढंच राहिलं. भाकरी! खोट आली ती इथं.

माझं मत म्हणाल तर एवढंच: साखळी आपण घातली, तर ताटातला उरलेला अर्धा हिस्साही आपणच भरला पाहिजे.

आपलं कुत्रं 'मोठं' म्हणजे नेमकं कसं?

जत, आटपाडी, माण, सोलापूरच्या बाजूला ज्याला आपण कारवान म्हणतो, पलीकडं कर्नाटकात त्यालाच मुधोळ म्हणतात. मुधोळच्या घोरपडे राजांनी ही जात जपली आणि तिची जोडी इंग्लंडच्या राजाला भेट दिली, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. २००५ मध्ये टपाल खात्यानं या कुत्र्याचं तिकीट काढलं. २०१६ मध्ये मुधोळची पिल्लं मेरठच्या लष्करी केंद्रात प्रशिक्षणाला गेली. म्हणजे नावाला कमी नाही.

पण अंगानं बघा. उंची मोठ्या कुत्र्याची, वजन मात्र बेतानं २२ ते २८ किलो. छाती खोल, पोट आत, अंगावर चरबी नाही. पिशवीवर 'लार्ज ब्रीड' लिहितात ते बहुतेक लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड आणि त्याहून जड कुत्री डोळ्यापुढं ठेवून. ही कुत्री बसून सुटतात, म्हणून त्यांच्या मोठेपणीच्या खाण्यात बऱ्याचदा चरबी बेताची ठेवतात. आपलं कारवान सुटायच्या आधी वाळतं. तेव्हा फोटोतल्या कुत्र्याची उंची बघून पिशवी उचलू नका. आपल्या कुत्र्याचं वजन, वय आणि काम, या तीन गोष्टी बघा.

काम म्हणजे काय, तेही खरं सांगा. दारात बांधलेलं आणि दिवसातनं दोनदा सोडलेलं कुत्रं 'चपळ जातीचं' असलं तरी कामाचं कुत्रं नाही. अलास्कात बर्फावरनं हजार मैल गाडी ओढणारी कुत्री शर्यतीत दिवसाला दहा हजार कॅलरीच्या आसपास खातात. त्यांची पिशवी आपल्या ओसरीवरच्या कुत्र्याला घातली तर दोन महिन्यांत गोणपाट होईल. उलट मेंढरांमागं दिवसाला दहा-पंधरा किलोमीटर चालणाऱ्या कुत्र्याला दोन भाकऱ्या टाकल्या, तर ते उपाशीच.

आता हिशोब

२५ किलोचं मोठं झालेलं कुत्रं धरू. नुसतं पडून राहायला त्याला साधारण ७८० कॅलरी लागतात. रात्री वस्ती राखतं, सकाळी रानात पळतं, असं असेल तर १३०० ते १४०० धरा.

नुसत्या भाकरीवर एवढं भागवायचं तर ४०० ग्रॅम पीठ लागेल, म्हणजे पाच भाकऱ्या. पोट भरलं. त्यात प्रथिनं किती? चाळीस ग्रॅम, म्हणजे दहा टक्के. मोठ्या कुत्र्याच्या खाण्यात पाणी वगळून कमीत कमी १८ टक्के प्रथिनं असावीत, पिल्लाला २२ टक्क्यांच्या वर, असं अमेरिकेतलं पशुखाद्याचं प्रमाण सांगतं. म्हणजे भाकरीवरचं कुत्रं पोटानं भरलेलं आणि अंगानं अर्धपोटी. शिवाय ज्वारीच्या प्रथिनात लायसिन हा घटक कमी, त्यामुळं आहे ते चाळीस ग्रॅमही पूर्ण उपयोगी पडत नाहीत.

आता माझ्या हरण्याचं ताट सांगतो. हा शेरूनंतरचा. वय पाच, वजन २५ किलो.

- तीन भाकऱ्या, ज्वारी नाहीतर बाजरीच्या, म्हणजे २५० ग्रॅम पीठ
- तीन उकडलेली अंडी
- २०० ग्रॅम कोंबडीचं मांस, हाड काढून, उकडून
- एक वाटी ताक
- एका अंड्याच्या टरफलाची अगदी बारीक पूड, म्हणजे साधारण सपाट चमचाभर

एवढ्यात कॅलरी चौदाशेच्या आसपास, प्रथिनं ऐंशी ग्रॅम, म्हणजे चोवीस टक्क्यांच्या घरात. टरफलाच्या पुडीतनं दोनएक ग्रॅम कॅल्शियम मिळतं, मोठ्या कुत्र्याची दिवसाची गरज त्यात भागते. आठवड्यातनं दोनदा पन्नास ग्रॅम उकडलेलं काळीज. ते रोज नको, जास्त झालं तर अ जीवनसत्त्व चढतं.

रोज कोंबडी परवडत नाही, मलाही नाही. आठवड्यातले तीन दिवस कोंबडी, चार दिवस सोयाबीन. सोयावडी ६० ग्रॅम भिजवून, उकळून, पिळून, वर चमचाभर तेल. त्यात तीस ग्रॅम प्रथिनं आहेत. आपल्या कृष्णाकाठी सोयाबीन घरोघर पिकतं, पण ते कच्चं घालू नका. कच्च्या सोयाबीनमध्ये पचन अडवणारा घटक असतो, शिजवल्यावर जातो. सुरुवात थोड्यानं करा, नाहीतर रात्रभर वास सुटेल.

माळकरी घरांनी काळजी करू नये. मांजराला मांसाशिवाय जमत नाही, कुत्र्याला जमतं, पण हिशोबानं. आमच्या आबांनी तोड काढली. वस्तीवर बाहेर तीन दगडांची वेगळी चूल आहे, भांडं वेगळं. अंडी तिथं उकडतात. आबा म्हणतात, "माळ माझ्या गळ्यात हाय, त्याच्या गळ्यात पट्टा हाय." एवढ्यावर आमचा वाद मिटला.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. घरच्या खाण्यात जस्त, आयोडीन, ई जीवनसत्त्व कमी पडतं. भाकरीतला एक घटक जस्त धरून ठेवतो आणि अंगाला लागू देत नाही. डोळ्यांभोवती, तोंडाभोवती खपल्या धरतात, केस विरळ होतात, ते बऱ्याचदा यामुळं. त्यासाठी कुत्र्याची वेगळी पूड मिळते, डॉक्टरांना विचारून घ्या. गोठ्यातलं म्हशीचं मिनरल मिक्श्चर कुत्र्याला घालू नका, त्याचं प्रमाण म्हशीसाठी काढलेलं असतं.

मग पिशवी घ्यायचीच नाही का?

घ्यायची. पिल्लाला घ्यायची. इथं मी दुकानातल्या पोराच्या बाजूचा आहे, फक्त त्यानं चुकीची उचलली.

पहिलं वर्ष हाडाचं असतं. त्या वर्षात कॅल्शियम-फॉस्फरसचा मेळ घरी अचूक घालणं आपल्याच्यानं होत नाही. मला जमलं नाही, ते वर लिहिलंच आहे. म्हणून वर्षभर 'पपी' असं स्पष्ट लिहिलेलं पूर्ण खाद्य घ्या. आई-बाप अंगानं थोराड, तीस किलोकडं जाणारे असतील तर 'लार्ज ब्रीड पपी'. मागच्या बाजूला कॅल्शियम एक ते दीड टक्क्याच्या दरम्यान आहे का बघा. आणि मग वरनं कॅल्शियमची एक थेंबही बाटली नको. पिल्लू गुटगुटीत दिसावं हा हट्टही सोडा. मोठ्या जातीचं पिल्लू भरभर फुगवलं की वजन आधी येतं आणि हाड मागनं. हळू वाढू द्या. उंची शेवटी तेवढीच होते.

मोठ्या कुत्र्याला पिशवी घ्यायची असेल तर फोटोची बाजू खाली ठेवा आणि मागची बाजू वाचा. 'कंप्लीट' म्हणजे पूर्ण आहार लिहिलंय का, प्रथिनं किती, चरबी किती, आणि यादीत पहिलं नाव कशाचं. यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते. पहिलं नाव मक्याचं असेल तर मका आपल्या कणगीत आहेच, पिशवीतनं कशाला घ्यायचा? आणि किलोचा भाव बघू नका, दिवसाचा बघा. शंभर ग्रॅमला साडेतीनशे कॅलरी धरल्या तर आपल्या कुत्र्याला दिवसाला चारशे ग्रॅम, म्हणजे महिन्याला बारा किलो लागतं. यावर गुणाकार करून बघा, मग अंडी स्वस्त का पिशवी स्वस्त ते तुमचं तुम्ही ठरवा. कुठलंही खाणं बदलताना मात्र आठवडाभर जुन्यात मिसळत बदला.

किती वेळा आणि कधी

आपल्याकडं पद्धत आहे, संध्याकाळी एकदाच पाटीभर टाकायचं. खोल छातीच्या कुत्र्याला हे घातक ठरू शकतं. एकदम भरलेलं पोट फुगतं आणि कधी कधी त्याला पीळ पडतो. कुत्रं ओकायला बघतं, काही पडत नाही, पोट ढोलासारखं, लाळ गळते. असं दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका, ओवा-सोडा काही नको. तास-दोन तासांचा खेळ असतो, शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडं पळा. मोठ्या कुत्र्याला दोनदा द्या, पिल्लाला तीन-चार वेळा. खाल्ल्यावर तास-दीड तास सोडू नका, आणि पळून आल्या आल्या धापेत खायला देऊ नका.

आपल्या रानातलं विष

हे तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ, खानापूरच्या बागायतदारांनी नीट वाचा.

द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याला विष आहे. सगळ्याच कुत्र्यांना बाधत नाही, एखादं किलोभर खाऊन शेपूट हलवतं, म्हणून आपण गाफील राहतो. पण ज्याला बाधतं त्याची किडनी बंद पडते. २५ किलोच्या कुत्र्याला सत्तर-ऐंशी ग्रॅम बेदाणाही पुरू शकतो, म्हणजे दीड-दोन मुठी. शेडवर पडझड किती असते, तुम्हाला माहीत आहे. द्राक्षातलं टार्टारिक आम्ल याला कारण असावं, असं २०२१ पासून प्राण्यांचे डॉक्टर मांडतायत. चिंचेतही तेच आम्ल, म्हणून चिंचेची आमटी कालवून घालणं मी बंद केलं.

हरण्यानं तीन वर्षांमागं मार्चमध्ये शेडवर रॅकखालचा बेदाणा खाल्ला. नशिबानं पोरानं लगेच बघितलं. तासाभरात डॉक्टरांनी ओकवून काढलं, तीन दिवस सलाईन चाललं. वाचला. उलटी, सुस्ती, मग लघवी कमी होणं, असा क्रम असतो. लघवी बंद व्हायची वाट बघितली असती तर आज हे ताट लिहायला हरण्या नसता.

कांदा-लसूण कच्चा असो का शिजलेला, रक्त मोडतो. चंपाषष्ठीला पालीच्या खंडोबाचं नाव घेऊन आपण कुत्र्याला भरीत-रोडगा घालतो. तो घास जरूर घाला, देवाचं कुत्रं आहे. पण त्याच्या वाट्याचं भरीत कांदा-लसणाआधी बाजूला काढा. देवाचं कुत्रं आहे म्हणूनच काढा. शिजवलेली हाडं नकोत, ती फुटून टोकदार होतात. चॉकलेट नको.

आणि मेंढरांचं

माझी सासुरवाडी माणमध्ये, दहिवडीकडं. तिथल्या मेंढपाळ मामांकडनं एक गोष्ट शिकलो आणि एक त्यांना सांगितली.

शिकलो ती अशी, की ते कुत्र्याला खायला देताना बरगडीवर हात फिरवतात. डोळ्यावर विश्वास ठेवत नाहीत, केस फसवतात. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, पण मधे खड्डे नकोत. कारवानच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसल्या तर घाबरू नका, ती त्याची ठेवणच आहे. मी आता दर महिन्याला बेदाण्याच्या बॉक्सच्या काट्यावर हरण्याला घेऊन उभा राहतो आणि माझं वजन वजा करतो.

सांगितली ती अशी. मेंढरू कापलं किंवा मेलं की काळीज, फुप्फुस, मुंडी कच्चीच कुत्र्यापुढं पडते. त्यातल्या पाण्याच्या फोडांतनं कुत्र्याच्या पोटात पट्टकृमी होतात. दीडएक महिन्यात त्यांची अंडी विष्ठेतनं गवतावर येतात. ते गवत मेंढरू खातं आणि त्याच्या काळजात, फुप्फुसात पुन्हा फोड. मेंदूत फोड झाला की मेंढी एकाच बाजूला गोल गोल फिरते, ती त्यातलीच जात. आणि काळजात-फुप्फुसात फोड करणारी जात माणसालाही होते. कुत्र्याशी खेळून हात न धुता जेवणाऱ्या पोरांना जास्त. मामा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणले, "म्हंजे कुत्र्याला फुकट घातलं म्हणून आम्ही मेंढरात भरलं." आता ते मुंडी-काळीज अर्धा तास उकळून घालतात, फोड दिसला तर खोल पुरतात, आणि डॉक्टर सांगतील तसं कुत्र्यांना जंताचं औषध देतात.

फुकटचं खाणं असं महागात पडतं. शेरूची भाकरीही मला फुकटच वाटली होती.

गावातल्या त्या पोराला मी परत दुकानात नेलं. पिशवी फोडली नव्हती, दुकानदारानं बदलून दिली, पिल्लाची. रविवारी त्याच्या वस्तीवर जाऊन आलो. पिल्लाच्या पुढच्या पायांवर हात फिरवला. सरळ आहेत. असेच राहू देत.

तुमच्याकडं कारवान, पश्मी, धनगरी, कुठलंही थोराड कुत्रं असेल तर आज संध्याकाळी एवढंच करा. ताट टाकायच्या आधी त्याच्या बरगडीवर हात फिरवा आणि ताटात भाकरीशिवाय काय आहे ते बघा. काही नसेल तर उद्यापासनं निदान दोन अंडी वाढवा. बाकीचं हळूहळू जमेल.